पगडी, पत आणि पारख



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण मित्र आम्हाला भेटायला आले. नवा व्यवसाय सुरू करताहेत, घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवून देण्याचा. त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, तरी विचारतो. गिऱ्हाइकाच्या दारात जाताना काय घालावं? सुटाबुटात गेलो तर लोक म्हणतात महाग असणार. साध्या शर्टात गेलो तर म्हणतात हा कोण आला." आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवून याच प्रश्नाचा इतिहास पाहू. मुंबईच्या बाजारात कपड्यांवरून माणसावर विश्वास कसा ठेवला जाई, तो कुठे टिकला आणि कुठे तुटला, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत डोक्यावरच्या वस्त्राला दोन अगदी उलट अर्थ चिकटले आहेत. कुणाच्या पायावर पगडी ठेवली म्हणजे आपली सगळी अब्रू त्याच्या हवाली केली. आणि कुणाला टोपी घातली म्हणजे त्याला फसवलं. आता गंमत बघा, पगडी काय आणि टोपी काय, दोन्ही डोक्यावरच बसतात. म्हणजे हे वस्त्र अब्रूची खूण आहे हे आपल्या लोकांना ठाऊक होतं, आणि त्याच खुणेने माणूस गंडवला जातो हेही ठाऊक होतं. "एक नूर आदमी, दस नूर कपडा" ही म्हण ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्याच तोंडी "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" हीही होती. दोन्ही एकाच बाजारात खऱ्या कशा ठरतात, हा आपला आजचा प्रश्न.

बाजार म्हटला की हुंडी आली. ब्रिटिशांच्या बँका येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे पैसा हुंडीने फिरत होता. सुरतेला पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, आणि पुण्याला किंवा मुंबईला ती पेढीवर दाखवून पैसे घ्यायचे. हुंडीचे प्रकार होते. धनीजोग हुंडी जिच्या मालकीची तिला पैसे द्यायचे, नामजोग हुंडीत ज्याचं नाव लिहिलं त्यालाच द्यायचे. तिसरा प्रकार आमच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा, तो म्हणजे शहाजोग हुंडी. शहाजोग म्हणजे शहाला, अर्थात बाजारातल्या प्रतिष्ठित माणसालाच देण्याजोगी. समोर हुंडी घेऊन आलेला माणूस 'शहा' आहे की नाही, याची खात्री पैसे देणाऱ्याने करायची. खात्री न करता भलत्याला पैसे दिले, तर जोखीम त्याच्या अंगावर.

आता त्या पेढीवरच्या मुनिमाच्या जागी स्वतःला बसवून बघा. गादीवर पांढरी चादर, मागे तक्क्या, पुढे चोपड्या. दारात एक अनोळखी माणूस हुंडी घेऊन उभा आहे. तुम्ही काय बघाल? चेहरा ओळखीचा नाही. मग बघाल पगडी. पगडीच्या बांधणीवरून माणूस कुठल्या प्रांताचा, कुठल्या जातीचा, कुठल्या धंद्याचा याचा बराचसा अंदाज येई. पुणेरी ब्राह्मणाची पगडी वेगळी, गुजराती वाण्याची वेगळी, पारशाची वेगळी, भाटियाची वेगळी. अंगरखा, उपरणं, धोतर नेसण्याची तऱ्हा, हे सगळं जणू ओळखपत्रच. पण शहाणा मुनीम तिथे थांबत नसे. पगडीवरून तो एवढंच ठरवी, की आता चौकशी कुणाकडे करायची. माणूस भाटिया दिसतो ना, मग बाजारातल्या अमुक भाटिया शेटला विचारा, हा तुमच्या ओळखीचा आहे का. त्यांनी मान डोलावली की पैसे मिळाले.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पगडीमुळे विश्वास बसत होता हे खरं, पण ती सुंदर होती किंवा महाग होती म्हणून नव्हे. तिच्यामागे जबाबदार धरता येतील अशी माणसं उभी होती म्हणून. त्या माणसाने लबाडी केली तर त्याच्या ज्ञातीचं महाजन त्याला जाब विचारू शकत होतं, त्याच्या भावाच्या हुंड्या परत येऊ शकत होत्या, त्याच्या मुलीचं लग्न अडू शकत होतं. म्हणजे पगडी हा एक प्रकारचा तारण ठेवलेला दागिनाच होता.

इथे आमचा जुना धंदा आडवा येतो, क्षमा करा. न्यायशास्त्रात एक नेहमीचं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. पण उलटं करा. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी म्हणजे अशी अट, जी आपण गृहीत धरून चालतो पण बोलून दाखवत नाही, आणि ती हजर नसली की अनुमान फसतं. "पगडी आहे, म्हणून पत आहे" या अनुमानातही अशीच एक उपाधी दडलेली आहे. ती म्हणजे पगडीवाल्याला जाब विचारणारा समाज. तो हजर असेल तर अनुमान चालतं. तो नाहीसा झाला, तर डोक्यावर उरतं ते नुसतं कापड.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत नेमकं हेच घडू लागलं. बंदर वाढलं, माणसं चहूकडून आली, आणि धंदा ज्यांच्याशी करायचा ते ज्ञातीबाहेरचेच नव्हे तर देशाबाहेरचे होते. सर जमशेटजी जीजीभाई यांचं उदाहरण घ्या. जन्म 1783 चा. चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार करून ते गडगंज झाले. 1842 साली सरकारने त्यांना 'नाइट' केलं, 1857 मध्ये 'बॅरोनेट' ही वंशपरंपरागत पदवी दिली. त्यांच्या चित्रांत आणि पुतळ्यांत पाहा, पोशाख पक्का पारशी. इंग्रजांचा विश्वास मिळवण्यासाठी त्यांनी साहेबी टोपी घातली नाही. मग विश्वास आला कुठून? 1805 मध्ये 'ब्रन्सविक' नावाचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्यावर जमशेटजी होते, आणि जहाजाचे वैद्य होते विल्यम जार्डिन. पुढे कँटनमध्ये मोठी व्यापारी कंपनी उभारणारे तेच जार्डिन. संकटात सोबत काढलेल्या या दोघांचा व्यवहार नंतर अनेक वर्षं हजारो मैलांवरून पत्रांनी चालला. पत्राला पगडी नसते. तिथे कामी आला तो सहवास आणि वर्षानुवर्षं चोख ठेवलेला हिशोब.

मात्र प्रत्येकाच्या नशिबी असा सहवास नव्हता. सरकारी कचेरीत जाणाऱ्या सामान्य व्यापाऱ्याला रोज एका वेगळ्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागे, पायातल्या जोड्यांच्या. आपल्या रीतीप्रमाणे मानाच्या जागी जोडे काढायचे. साहेबांनी ही रीत आपल्या कचेरीत नेटिव्हांकडून सक्तीने पाळून घेतली, स्वतः मात्र बुटांसकट बसले. 1854 मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव केला, की ज्या नेटिव्ह गृहस्थांच्या पायांत युरोपीय पद्धतीचे बूट असतील, त्यांनी दरबारी आणि निमदरबारी प्रसंगी ते घालून यायला हरकत नाही. म्हणजे तोच माणूस, तीच पत, पण पायात देशी जोडा असेल तर काढायचा आणि विलायती बूट असेल तर ठेवायचा! मग हळूहळू वर पगडी, मध्ये कोट, खाली धोतर आणि पायात बूट असा आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोत दिसणारा पोशाख तयार झाला. आपण त्याला हसतो. पण एकाच माणसाला एकाच दिवशी दोन बाजारांत विश्वास कमवायचा होता. पगडी मंडईसाठी होती, बूट कचेरीसाठी.

आता 1865 साल. चार वर्षं अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, त्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. पैसा एवढा आला, की रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या नुसत्या शब्दावर लोक पैसे लावत होते. एप्रिलमध्ये युद्ध थांबलं, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 हा सौद्यांच्या हिशोबाचा दिवस उजाडला तेव्हा देणं कुणालाच फिटेना. पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून सावरली नाही.

त्या दिवशी बुडालेल्या आणि बुडवणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर पगड्या शाबूत होत्या, हे विसरू नका. त्यांतले बरेच जण लबाड नव्हतेच. हा माणूस आपला आहे, शब्दाला जागणारा आहे, एवढं पगडी सांगू शकत होती. हा शेअर पन्नास हजारांचा आहे की पाच हजारांचा, हे ती कसं सांगणार? माणसाची सचोटी ही एक गोष्ट आणि त्याच्या बोलण्याचं खरेपण ही दुसरी. घोटाळा होतो तो आपण पहिलीवरून दुसरी ताडतो तेव्हा. त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 जुलै 1865 ला, नाना शंकरशेट वारले. त्यांच्या घराण्याविषयी असं सांगतात, की परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडे ठेवणं पसंत करीत. एक पिढी संपली म्हणायची.

इथून आपण जरा समुद्रापार जाऊ. 1893 च्या मे महिन्यात एक तरुण गुजराती बॅरिस्टर डर्बनला उतरले, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी. मोहनदास गांधी. अंगात विलायती कोट, डोक्यावर पगडी. मॅजिस्ट्रेटने कोर्टात पगडी काढायला सांगितलं. गांधींनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. नंतर त्यांच्या मनात आलं, कशाला कटकट, इंग्रजी टोपीच घालावी. दादा अब्दुल्लांनी त्यांना परावृत्त केलं. गांधींनी आत्मकथेत त्यांचं सांगणं नोंदवलं आहे. त्याचा आशय असा, की तुमच्या डोक्याला आपली पगडीच शोभते, आणि इथे इंग्रजी टोपी घातलीत तर लोक तुम्हाला हॉटेलातला वेटर समजतील.

हे वाक्य एका व्यापाऱ्याचं आहे, आणि त्यात फार शहाणपण आहे. लंडनमध्ये जी टोपी सभ्य गृहस्थाची खूण होती, तीच डर्बनमध्ये हिंदी माणसाच्या डोक्यावर वेटरची खूण होती. कारण तिथे इंग्रजी पोशाख करणारे हिंदी लोक म्हणजे बहुतेक गिरमिट्यांची ख्रिस्ती झालेली मुलं, आणि ती हॉटेलांत काम करीत. पण त्या सल्ल्यात एक काटाही आहे, तो झाकून पुढे जाणं बरं नाही. वेटर दिसण्यात कमीपणा काय होता? कमीपणा एवढाच, की तो गिरमिट्याचा मुलगा होता. विश्वासाच्या खुणा आणि उच्चनीचतेच्या खुणा एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात.

आणि हा गुंता किती जीवघेणा असू शकतो ते पाहायचं तर पुन्हा मुंबईला यावं लागेल. साल 1917–18. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत आले होते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. पोटासाठी त्यांनी जे उद्योग करून पाहिले, त्यांत एक होता शेअरच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा. आता विचार करा, या कामाला मुंबईत त्यांच्याइतका लायक माणूस किती जणांना मिळाला असता? पोशाखाच्या बाबतीत तर बाबासाहेब आयुष्यभर काटेकोर. गिऱ्हाइकं आली. सल्ला घेतला. आणि सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती गेली. धंदा बंद पडला. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतलीच.

आपण मघाशी म्हटलं, की पगडीमागे जाब विचारणारा समाज होता म्हणून विश्वास चालला. इथे त्याची दुसरी बाजू उघडी पडते. ज्या व्यवस्थेत विश्वास ज्ञातीवर उभा आहे, तिथे काही माणसांना कुठलाच पोशाख पुरणार नाही. त्यांच्या सल्ल्यात चूक काढली नाही कुणी. शब्द मोडला असं कुणी म्हटलं नाही. अनुमानाचा हेतूच बदलला गेला, गुणांऐवजी जन्म. म्हणून 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांना उद्देशून बोलले तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची तऱ्हा बदला, ओळख पटवून देणारे ते जड दागिने टाका, असं आवर्जून सांगितलं, यात आम्हाला खोल अर्थ दिसतो. ज्यांच्यावर वेष लादला गेला आहे, त्यांच्यासाठी वेष बदलणं ही हौस नसते. जुन्या मुंबईच्या सचोटीचं कौतुक करताना आमच्या पिढीचे लोक हा भाग सोडून देतात. आम्हीही पुष्कळ वर्षं सोडत आलो.

मग ज्ञातीवर न विसंबता अनोळखी माणसाचा विश्वास कमावता येतो का? येतो. मुंबईचे डबेवाले बघा. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. खेड, मावळ, मुळशी, जुन्नर भागातली माणसं, पुष्कळांचं शिक्षण बेताचं. रोज सकाळी परक्याच्या घरच्या बाईने आपल्या स्वयंपाकाचा डबा त्यांच्या हातात द्यायचा. त्यांची पांढरी टोपी आज जगभर ओळखली जाते. पण ही गांधी टोपी रूढ झाली 1920 च्या आसपास, म्हणजे डबेवाल्यांच्या पहिल्या तीस वर्षांत ती नव्हतीच. विश्वास आधी कमावला गेला, टोपी मागाहून आली. आणि आल्यावर तिला नियम जोडले गेले. कामावर टोपी नसेल तर दंड, कामाच्या वेळी नशा केली तर दंड, आणि तो दंड करणारे कोण, तर त्यांचेच सहकारी. गिऱ्हाइकाला डबेवाल्याची जात माहीत असण्याची गरज उरली नाही. टोपीमागे संघटना आहे, हे पुरे झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर ओलं सरपण त्यांनी स्वतः आणून ठेवलं.

जाता जाता पगडी या शब्दाचं पुढे काय झालं ते बघा. डोक्यांवरून ती उतरली, पण मुंबईत शब्द राहिला. जागा भाड्याने घेताना मालकाला वरून द्यायची रक्कम म्हणजे पगडी. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेणं गुन्हा ठरवलं, तरी ती रोखीने, पावतीशिवाय, पन्नास वर्षं चालली. 1999 चा नवा कायदा 2000 मध्ये लागू झाला तेव्हा ती कायदेशीर झाली. ज्या वस्तूच्या जोरावर माणूस पावतीशिवाय विश्वास ठेवी, तिचं नाव विनापावतीच्या पैशाला पडलं!

आता एक कबुली देतो आणि थांबतो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमच्याकडे एक तरुण गृहस्थ आले. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, टाय, चकचकीत बूट, कातडी फाइल. "सर, सर" म्हणत खाली वाकून नमस्कार केला. गुंतवणुकीची योजना होती. घरात म्हणाल्या, "जरा चौकशी करा." आम्ही म्हणालो, "अगं, किती व्यवस्थित मुलगा आहे." पुढचं सांगायला नको. चाळीस वर्षं वर्गात सव्यभिचार हेत्वाभास शिकवला, आणि परीक्षा आली तेव्हा टाय बघून सही केली. रक्कम गेली त्याचं दुःख आता उरलं नाही. पण त्या टायमागे कोण उभं आहे हा एक प्रश्न, जो पेढीवरचा मुनीम शहाजोग हुंडी हातात घेऊन रोज विचारत होता, तो आम्हाला सुचला नाही, हे अजून सलतं.

तेव्हा आमच्या तरुण मित्राला उत्तर असं. कपडे स्वच्छ घाला, कामाला साजेसे घाला. छपरावर चढणारा माणूस छपरावर चढणारा दिसावा, त्यात कमीपणा नाही. ज्यांच्या दारात जाता त्यांच्या रीतीचा मान राखा, जोडे काढायचे असतील तर काढा. शर्टावर व्यवसायाचं नाव असू द्या, पण ते नाव, पत्ता आणि फोन पाच वर्षांनीही तिथेच सापडतील याची व्यवस्था आधी करा. पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावं, त्यांना विचारून, अकराव्याला द्या. आणि तुमच्याकडे कामाला ठेवाल त्या पोराचं आडनाव विचारून विश्वास ठरवू नका. एवढं केलंत तर शर्ट कुठला घालावा, हा प्रश्न तुमचा तुम्हालाच सुटेल.

पुढच्या वेळी राहिलेला विषय घेऊ. नमस्कार.